मुळशीचा सत्याग्रह : जमीन कसणाऱ्याची, सही दुसऱ्याची

स्वातंत्र्याच्या लढ्यातील शेतकऱ्यांची आंदोलने म्हटली की चंपारण, खेडा आणि बार्डोली ही तीन नावे चटकन ओठांवर येतात. पाठ्यपुस्तकांत ती आहेत, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतात आणि मुले त्यांची सालेही बिनचूक सांगतात. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीचे नाव मात्र या यादीत सहसा येत नाही. आजच्या तरुणाला मुळशी म्हटले की २०१८ सालचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आठवतो. त्यात जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो, याची कथा आहे. पण याच मुळशीत शंभर वर्षांपूर्वी हजारो शेतकऱ्यांनी आपली जमीन द्यायला साफ नकार दिला होता आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुळशीच्या लढ्याचा सखोल अभ्यास करणारे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

बार्डोली जिंकली म्हणून ती लक्षात राहिली आणि मुळशी हरली म्हणून ती विसरली गेली, असे साधे उत्तर देता येईल. परंतु मुळशी का हरली, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. मावळ्यांच्या अंगी धैर्य कमी होते असे कोणीही म्हणू शकत नाही. त्यांच्या पराभवाचे एक मोठे कारण कागदपत्रांत होते. ते कारण नीट समजून घेतले तर आजही जेथे जेथे धरणासाठी, खाणीसाठी, वायूच्या विहिरीसाठी किंवा नळवाहिनीसाठी गावाची जमीन मागितली जाते, तेथे नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे कळते.

जमिनीची भाषा

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. त्यामुळे मराठी कागदपत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. जमिनीविषयीची मराठी भाषा अर्ध्याहून अधिक अरबी-फारसीतून आलेली आहे. जमीन, रयत, मालक, हक्क, कब्जा, कर्ज, मोबदला, महसूल, दस्तऐवज हे सारे शब्द सुलतानांच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांतून थेट आजच्या तलाठ्याच्या दफ्तरात आले. मुळशीच्या सत्याग्रहींची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. डोंगरात राहणाऱ्या मावळ्याने आपल्या प्राणांतिक निश्चयासाठी वापरलेले हे दोन्ही शब्द फारसी आहेत. ते परके आहेत, असे तेथे कोणाला वाटलेही नाही.

यातला ‘सही’ हा शब्द विशेष लक्ष देण्यासारखा आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ बरोबर, योग्य, निर्दोष असा होतो आणि उर्दूत तो आजही त्याच अर्थाने वापरला जातो. मराठीत मात्र सही म्हणजे स्वाक्षरी. कागदावर ‘हे बरोबर आहे’ अशी खूण करायची, ती खूणच पुढे सही झाली. मुळशीच्या बाबतीत प्रश्न हाच होता की, कागदावर ज्याची सही चालत होती, त्याचा त्या जमिनीशी खरोखर किती संबंध होता?

खोरे आणि योजना

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर निळा आणि मुळा या नद्यांचे खोरे आहे. पाऊस धो धो पडतो, जमीन चिखलाची आणि भाताला उत्तम. या भागातला आंबेमोहर तांदूळ पुण्याच्या बाजारात नावाजलेला. पावसाळ्यात भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी, असे तिथल्या शेतीचे साधारण स्वरूप होते. येथून वाहणारी मुळा पुण्याजवळ मुठेला मिळते, पुढे भीमेला आणि मग कृष्णेला मिळून तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते.

टाटा उद्योगसमूहाने या पाण्याची दिशाच बदलायचे ठरवले. योजना समजायला सोपी आहे. घाटमाथ्यावर पडणारे पाणी धरणाने अडवायचे, बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेकडे न्यायचे आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे सोडायचे. एवढ्या उंचीवरून कोसळणाऱ्या पाण्याच्या जोरावर जनित्रे फिरतात आणि वीज तयार होते. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी हवी होती. त्या काळी गिरण्या प्रामुख्याने दुरून येणाऱ्या कोळशावर चालत. टाटांनी खोपोली येथे १९१५ साली असे पहिले वीजकेंद्र सुरू केले होते आणि आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरी येथे दुसऱ्याची तयारी चालली होती. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळशीची पाळी आली.

या योजनेत पन्नासहून अधिक गावे बाधित होणार होती. सुमारे अकरा हजार माणसांच्या घरादाराचा आणि शेतीचा हा प्रश्न होता. मोजणीची आणि चाचणीच्या खोदकामाची सुरुवात झाली, तेव्हा शेतकऱ्यांना विश्वासात घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. आपल्या शिवारात अनोळखी माणसे चर खणताना दिसली, तेव्हाच अनेकांना काय घडणार आहे याचा सुगावा लागला.

भूसंपादनासाठी १८९४ चा कायदा हाताशी होता. या कायद्याच्या सातव्या भागात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची स्वतंत्र तरतूद होती. म्हणजे खासगी कंपनीला जमीन हवी असेल, तर सरकार आपल्या अधिकारात ती घेऊन देऊ शकत असे. शेतकऱ्याची संमती ही अट त्यात कोठेही नव्हती. भरपाई किती, एवढ्यावरच वाद घालण्याची मुभा होती.

कागदाची ताकद

आता मुळशीच्या जमिनीची खरी स्थिती पाहू. या डोंगरी भागातल्या कष्टकऱ्यांपैकी अनेकांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कर्जापायी सावकारांकडे गेल्या होत्या. सावकार बहुतेक पुण्यात राहणारे. मावळा तीच जमीन कसत होता, त्याच बांधावर त्याचे पूर्वज राबले होते. पण आता तो खंड भरणारे कूळ झाला होता. कागदावर मालक दुसराच होता.

कागदाची ही ताकद पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवी नव्हती. १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या उठावात गावोगाव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला आपली गुलामी कोठे लिहून ठेवली आहे हे पक्के ठाऊक होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याने काही प्रमाणात जाच कमी झाला, पण सावकारी संपली नाही आणि मुळशीसारख्या भागात जमिनी हातातून जातच राहिल्या.

अशा स्थितीत भूसंपादनाची नोटीस आली तर भरपाई कोणाला? १८९४ च्या कायद्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असा शब्दप्रयोग होता, हे खरे. पण दरसाल खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाने आपला हितसंबंध कोणत्या कागदाने सिद्ध करायचा? सावकाराला जमिनीच्या बदल्यात रोख रक्कम मिळणार होती आणि त्याच्या दृष्टीने तो कदाचित फायद्याचाच सौदा होता. कुळाच्या हाती मात्र काहीच येणार नव्हते. एकाच जमिनीवर दोन माणसे उभी होती आणि त्या दोघांचे हित वेगळे होते. या लढ्याची सगळी गुंतागुंत येथून सुरू होते.

१९२१ : मावळे धरणावर बसले

विनायकराव भुस्कुटे या तरुण कार्यकर्त्याने मुळशीच्या प्रश्नाला वाचा फोडण्याचे काम मोठ्या चिकाटीने केले. पुण्यातून न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांच्यासारखे नेते पुढे आले. लोकमान्य टिळकांचे निधन होऊन वर्षही झाले नव्हते आणि असहकार व खिलाफत या दोन चळवळींनी देश ढवळून निघाला होता. हिंदू-मुसलमान एका व्यासपीठावर आले होते आणि सत्याग्रह हा शब्द नव्याने लोकांच्या तोंडी बसत होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम बंद पडले. स्त्रिया आणि मुलेही त्यांत होती. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे आपण वंशज आहोत, ही भावना भाषणांतून आणि गाण्यांतून जागवली जात होती. या पहिल्या टप्प्याला यश आले आणि धरणाचे काम काही महिने तहकूब राहिले.

त्याच महिन्यात महात्मा गांधींनी आपल्या ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकात मुळशी पेट्यावर लिहिले. टाटांच्या थोर घराण्याने आपल्या कायदेशीर हक्कावर बोट ठेवून न थांबता लोकांशी बोलावे. एखाद्या गरिबाची जमीन त्याच्या मनाविरुद्ध घेऊन मिळालेल्या फायद्यांचे मोल ते काय, अशा आशयाचे ते लेखन होते. तेथे त्यांनी भरपाईच्या रकमेच्या पलीकडचा प्रश्न उपस्थित केला होता. नको म्हणणाऱ्या माणसाकडून जमीन घ्यावी की नाही, हा तो प्रश्न.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचा दुसरा टप्पा सुरू झाला. या टप्प्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले. पारनेरला १८८० साली जन्मलेले बापट शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते, तरुणपणी क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरले होते आणि बॉम्बची विद्या शिकून आले होते. मुळशीनेच त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली आणि ती मरेपर्यंत त्यांच्या नावामागे राहिली. सत्याग्रही तुकडी-तुकडीने जात, काम अडवत आणि पकडले जात. मावळ्यांबरोबर बाहेरून आलेले स्वयंसेवकही तुरुंगात गेले. बायका पोलिसांपुढे उभ्या राहिल्या. त्यांची नावे तर कुठल्याच जमिनीच्या कागदावर नव्हती. पण घर जाणार होते ते त्यांचे, चूल जाणार होती ती त्यांची, हे कोणी त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पराभव कसा झाला?

या लढ्याच्या पराभवाची कारणे एकापेक्षा जास्त आहेत आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत.

पहिले कारण म्हणजे समोर इंग्रज नव्हता, टाटा होते. देशी भांडवल, देशी उद्योग, स्वदेशीचे स्वप्न, हे सारे टाटांच्या नावाशी जोडलेले होते. कोळशाच्या धुराऐवजी पाण्याची वीज हे त्या काळातले प्रगतीचे चिन्ह होते. अशा उद्योगाला विरोध करणे म्हणजे देशाच्या प्रगतीला विरोध करणे, असे अनेक देशभक्तांना मनापासून वाटत होते. टाटांच्या योजनेने मुंबईच्या उद्योगाला बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच होता की त्या बळाची किंमत कोणी मोजायची आणि तिच्याविषयी कोणाला विचारायचे.

दुसरे कारण सावकारांचे. सुरुवातीला त्यांतले काही चळवळीच्या बाजूने बोलत होते. पण आंदोलनाचा जोर वाढला की भरपाईचा दर वाढतो, हा व्यवहार त्यांना चांगला कळत होता. योग्य दर मिळण्याची चिन्हे दिसताच तडजोडीचा सूर उमटू लागला. पुण्यातले सावकार आणि पुण्यातले नेते एकाच शहरातले, पुष्कळदा एकाच वर्तुळातले. त्यामुळे ‘धरण नको’ म्हणणारे आणि ‘भरपाई जास्त हवी’ म्हणणारे, असे दोन गट चळवळीतच पडले. बापट आणि त्यांचे सोबती पहिल्या गटात राहिले. ज्यांच्या नावावर जमीन होती, ते पैसे घेऊन बाजूला झाले. एकदा मालकानेच मोबदला घेतला, की कूळ कोणत्या अधिकाराने बसून राहणार? त्याचा ‘नाही’ हा शब्द कायद्याच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हता.

तिसरे कारण म्हणजे राष्ट्रीय नेतृत्वाचा पाठिंबा आटला. फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार चळवळ मागे घेतली गेली आणि देशभर मरगळ आली. गांधीजींनीही पुढे मुळशीच्या चळवळीबाबत वेगळी भूमिका घेतली. बहुतेकांनी मोबदला स्वीकारला आहे आणि चळवळीचे नेते अहिंसेवर पूर्ण निष्ठा ठेवणारे नाहीत, हे मुद्दे त्यांनी पुढे केले. यातला पहिला मुद्दा वाचताना आज थांबावेसे वाटते. मोबदला कोणी स्वीकारला होता? ज्याने स्वीकारला तो आणि ज्याचे शेत बुडणार होते तो, ही पुष्कळ ठिकाणी दोन वेगळी माणसे होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या नजरेतूनही हा फरक निसटला असावा, यावरून कागदाचा पडदा किती जाड होता याची कल्पना येते.

१९२४ साली बापटांनी शेवटचा आणि अतिरेकी मार्ग पत्करला. कंपनीची रेल्वेगाडी शस्त्रानिशी अडवण्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. धरण पूर्ण झाले. १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि खोऱ्यातली भातशेती पाण्याखाली गेली.

बार्डोलीशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. १९२८ मध्ये बार्डोलीत सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्यास नकार दिला आणि अखेर ही वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. पटेलांचे संघटनकौशल्य वादातीत आहे. पण तिथे लढणारे प्रामुख्याने स्वतः खातेदार होते. ज्याचे नाव दफ्तरात, त्याचाच नकार; म्हणून सरकारला त्या नकाराची दखल घ्यावी लागली. मुळशीच्या मावळ्याला ही सोय नव्हती.

पाणी उतरले त्या जिल्ह्यात

मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरते आणि पुढे कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. तो तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. योगायोग असा की याच जिल्ह्यात काही वर्षांनी कुळांनी कूळ म्हणूनच उभे राहून एक लढा दिला. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. पंचवीसेक गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचेच नाकारले आणि हा संप तब्बल सहा वर्षे चालला. जमिनी पडीक राहिल्या, घराघरांत उपासमार झाली. पण कुळे फुटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कूळकायदा झाला आणि ‘संरक्षित कूळ’ हा शब्द प्रथमच दफ्तरात आला.

कोकणातल्या आपल्या वाचकांना हा इतिहास घरचा वाटेल. कोकणात मुसलमान खोतही होते आणि मुसलमान कुळेही होती. एकाच जमातीच्या दोन घरांत खोतीच्या आठवणी अगदी वेगवेगळ्या असू शकतात. जमिनीच्या प्रश्नात माणसाची जागा त्याच्या धर्माने ठरत नाही. कागदावर नाव कोणाचे आणि चिखलात पाय कोणाचे, यावर ती ठरते.

पुढे १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, अनेक कुळांना बेदखल केले गेले, हे खरे. तरीही कसणाऱ्याचे नाव मालकाच्या रकान्यात येऊ शकते, हे कायद्याने मान्य केले. मुळशीचे शेतकरी या दिवसाच्या तीस वर्षे आधीच बुडाले होते.

आज काय बदलले?

१८९४ चा कायदा स्वतंत्र भारतानेही तब्बल सहासष्ट वर्षे चालवला. त्याची जागा घेणारा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला गेला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, अशी अट आली. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ, वाटेकरी आणि शेतमजूरही आले. मुळशीच्या मावळ्याला पुनर्वसनाचा हक्क मिळायला जवळजवळ शतक जावे लागले.

मात्र याच कायद्याचे दुसरे कलम बारकाईने वाचले पाहिजे. संमतीची टक्केवारी मोजताना सगळी बाधित कुटुंबे मोजायची नाहीत. ज्यांची जमीन किंवा इतर स्थावर मालमत्ता घेतली जाते ती आणि ज्यांना सरकारी योजनेत जमीन मिळालेली आहे ती, एवढीच कुटुंबे मोजायची. कूळ, वाटेकरी, शेतमजूर यांना पुनर्वसनाचा लाभ आहे. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याच्या मोजणीत त्यांचे मत धरले जात नाही. म्हणजे १९२१ चा प्रश्न पुष्कळ सुटला, पण पूर्ण सुटला नाही. शिवाय रेल्वे, महामार्ग, कोळसा, पेट्रोलियम आणि खनिज नळवाहिन्या अशा तेरा कायद्यांखालील संपादनाला संमतीची ही अट लागू नाही. वायूच्या नळवाहिनीचा १९६२ चा कायदा तर जमीन घेतच नाही, फक्त वापराचा हक्क घेतो. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते; परंतु त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. त्याबद्दल मिळतो बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला.

जमिनीखालच्या तेलाचा आणि वायूचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. आपल्या देशात वरची माती शेतकऱ्याची असली तरी खालचे तेल आणि वायू त्याचे नसतात. त्यांचे भाडेपट्टे सरकार देते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नेडुवासल नावाचे गाव आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील हायड्रोकार्बन क्षेत्राचे कंत्राट मंजूर झाल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवसापासून गाव रस्त्यावर उतरले. आपल्या शेताखालचे पाणी जाईल, ही त्यांची भीती होती. त्यांच्याप्रमाणे कावेरीच्या खोऱ्यातले शेतकरी अनेक वर्षे लढले. अखेर २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कायदा करून कावेरी खोऱ्याचा मोठा भाग संरक्षित शेती क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तेथे तेल-वायूच्या नव्या उत्खननाला बंदी घातली.

अमेरिकेत परिस्थिती उलटी आहे. तेथे पुष्कळदा जमिनीखालचे खनिजही जमीनमालकाचेच असते आणि वायूच्या कंपन्या थेट त्याच्याशी भाडेकरार करतात. वरवर पाहता हा शेतकऱ्याचा मोठाच अधिकार वाटतो. पण न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रायडन या छोट्या गावात दुसरी अडचण दिसली. काही जमीनमालकांनी सह्या केल्या होत्या. ज्यांनी केल्या नव्हत्या त्यांच्या विहिरीचे पाणी मात्र तेच, रस्ते तेच आणि हवाही तीच. शेवटी २०११ मध्ये गावाने आपल्या जमीनवापराच्या नियमांत बदल करून वायूच्या विहिरींना बंदी घातली. कंपनी न्यायालयात गेली. ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. एका मालकाची सही पूर्ण गावाची संमती ठरत नाही, हे तत्त्व तेथे व्यवहारात टिकले.

मुळशी, नेडुवासल आणि ड्रायडन या तीन ठिकाणच्या व्यवस्था वेगवेगळ्या आहेत. मुळशीत सही सावकाराची, नेडुवासलला सरकारची आणि ड्रायडनला काही मोजक्या मालकांची. पण ज्यांच्या घरापर्यंत परिणाम पोहोचणार त्या सर्वांना विचारले गेले का, हा प्रश्न तिन्हीकडे सारखाच आहे.

आपल्या दारात

हा प्रश्न मोठ्या प्रकल्पांपुरता मर्यादित नाही. आपल्या समाजात वक्फच्या जमिनी आहेत. मुतवल्ली हा तिचा रखवालदार, मालक नव्हे. ज्यांच्यासाठी ती जमीन ठेवली गेली ते गरीब, विद्यार्थी, मुसाफिर हे तिचे खरे हकदार. तरीही त्यांना न विचारता, कधी त्यांना पत्ताही न लागू देता, व्यवहार होतात आणि वर्षांनुवर्षे कोर्टकज्जे चालतात. घरातली स्थिती पाहिली तर शरीयतने मुलीला वारसाहक्कात हिस्सा दिला आहे; पण किती घरांत तिचे नाव सातबाऱ्यावर चढते? जमीन विकताना भावांच्या सह्या होतात. बहिणीची सही घेतली जाते ती पुष्कळदा हक्कसोडपत्रावर. सरकारकडे आणि कंपन्यांकडे बोट दाखवताना आपल्या घरातल्या कागदांवर कोणाची नावे नाहीत, हेही पाहिले पाहिजे.

मुळशी तालुक्याचे आजचे रूप वेगळे आहे. हिंजवडीचे संगणक उद्योगाचे मोठे केंद्र याच तालुक्यात आहे, डोंगरात लवासासारखे नगर उभारण्याचा प्रयत्नही याच तालुक्यात झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी शंभर वर्षांनीही कोकणात उतरते आणि ते पुण्याच्या बाजूला वळवावे, अशी मागणी अधूनमधून होत असते. या साऱ्या चर्चेत शहराला पाणी किती आणि कंपनीला वीज किती, याचे आकडे मांडले जातात. ज्यांची शेते त्या पाण्याखाली आहेत त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचे काय झाले, हा आकडा कोणी मांडत नाही.

मुळशीच्या मावळ्यांना त्यांची जमीन आता कोणी परत देऊ शकत नाही. पण त्यांची हकिकत शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि ती केवळ शौर्याची गोष्ट म्हणून नव्हे. चंपारण आणि बार्डोली शिकताना मुले विजय कसा मिळतो ते शिकतात. मुळशी शिकताना सातबारा कसा वाचायचा, कुळाचे नाव कोणत्या रकान्यात येते, नोटीस आली तर हरकत किती दिवसांत नोंदवायची, ग्रामसभेत ठरावावर सही करण्यापूर्वी काय विचारायचे, हे शिकता येईल. उर्दू, मराठी, कोणत्याही माध्यमाच्या शाळेत हे शिकवणे शक्य आहे. त्याला वेगळी परवानगी लागत नाही, एक जुना सातबारा आणि अर्धा तास एवढे पुरे.